बाहेरच्या लेखकांचे लेख घ्यायचेत? मग लेख यायच्या आधीच हे सगळं ठरवून ठेवा

आपण एकटेच लिहित असतो तोवर संपादन वगैरे काही लागत नाही, म्हणजे लागतं खरं तर, पण स्वतःशीच वाद कोण घालत बसणार. बाहेरचे लोक लिहायला लागले की चित्र बदलतं. कुणी तीन हजार शब्द पाठवतं, कुणी पीडीएफ, कुणी म्हणतं एक अक्षर बदलायचं नाही, कुणी चार महिन्यांनी विचारतं माझ्या लेखाचं काय झालं हो. आणि यातल्या प्रत्येकाला तुम्ही लेख आल्यावर उत्तर शोधायला लागलात की ते उत्तर त्या माणसाला वैयक्तिक वाटतं. तेच आधी लिहून ठेवलेलं असलं तर तो नुसता नियम असतो, कुणाला राग येत नाही, निदान कमी येतो. म्हणून खाली जे सांगतोय त्यातलं निम्मं काम पहिला लेख मागवायच्या आधीचं आहे. अंक छापील असो की ऑनलाइन, बहुतेक सगळं दोन्हीकडे लागू पडतं.

पायरी १: एक पान लिहा, आणि त्यात 'काय नको' ते आधी

लेखकांसाठी सूचना म्हणून एकच पान करायचं. दहा पानी नियमावली कुणीच वाचत नाही. या पानात सगळे विषयाबद्दल भरभरून लिहितात, 'दर्जेदार, अभ्यासपूर्ण, रंजक लेखन पाठवा' असं. त्याचा काही उपयोग नाही, कारण आपलं लेखन दर्जेदार नाही असं समजून पाठवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. त्यापेक्षा कविता घेत नाही, आधी कुठे प्रसिद्ध झालेलं घेत नाही (फेसबुकवर टाकलेलं चालेल की नाही ते पण लिहा, हा प्रश्न हमखास येतो), स्वतःच्या प्रॉडक्टची जाहिरात चालणार नाही, असं स्पष्ट लिहिलं की निम्मी पत्रं आपोआप कमी होतात.

त्याच पानावर बाकीचं पण टाका: साधारण किती शब्द (८०० ते १५०० असं, नेमका आकडा नको), कुठल्या फाइलमध्ये, परिचय किती ओळींचा, उत्तर किती दिवसात मिळेल, मानधन आहे का, आणि संपादनात आम्ही काय काय बदलू शकतो. उत्तराचे दिवस लिहिताना जपून. उत्साहाच्या भरात 'तीन दिवसात कळवू' लिहाल आणि मग अडकाल, तीन आठवडे लिहा आणि दोन आठवड्यात कळवा.

मानधनाबद्दल एक वेगळंच सांगतो. देत असाल तर किती आणि कधी ते लिहा, देत नसाल तर 'मानधन देत नाही' हे तीन शब्दांत लिहा आणि थांबा. 'तुमचं लेखन हजारो वाचकांपर्यंत पोचेल' हे मानधनाच्या जागी लिहू नका, चांगले लेखक ते वाक्य वाचून परत फिरतात आणि बरोबरच करतात.

पायरी २: स्टाईलशीट, म्हणजे आपल्याकडे कसं लिहितात त्याची यादी

स्टाईलशीट म्हटलं की लोकांना काहीतरी मोठं वाटतं. शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाईल नावाचा जो जाडजूड ग्रंथ आज जगभर वापरतात, त्याची सुरुवात विद्यापीठाच्या छापखान्यातल्या लोकांनी स्वतःच्या सोयीसाठी केलेल्या टिपणापासून झाली, १९०६ साली त्याचं पुस्तक झालं. तुमचं पण दोन पानांपासूनच सुरू करा, अडेल तसं वाढवत जा.

मराठीत पाया तयारच आहे. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली मान्य झाले तेव्हा १४ होते, १९७२ मध्ये ४ वाढले, तेच १८ नियम आजही चालतात. ऱ्हस्व-दीर्घासाठी ते धरून चाला, नव्याने डोकं लावू नका. तुम्हाला ठरवायचंय ते त्या नियमांच्या पलीकडचं. लेख 'केले, झाले' मध्ये छापायचा की 'केलं, झालं' मध्ये, की लेखकावर सोडायचं? (माझं मत, लेखकावर सोडा, पण एका लेखात एकच.) ऑनलाइन की ऑनलाईन, साइट की साईट? आकडे देवनागरी की इंग्रजी? इंग्रजी नावं देवनागरीतच की कंसात मूळ स्पेलिंग? संस्थांची लघुरूपं पहिल्यांदा फोडून लिहायची का? यात चूक-बरोबर फारसं काही नसतं, एकदा ठरवायचं आणि परत परत चर्चा करायची नाही एवढंच.

आता टायपिंगचं, कारण इथे नवीन संपादकांचे तासनतास जातात आणि कुणी आधी सांगत नाही. सूचनांच्या पानावर ठळक लिहा, लेख युनिकोडमध्येच हवा (म्हणजे कुठल्याही कंप्युटरवर तीच अक्षरं दिसतील अशा टायपिंगमध्ये). अजूनही कितीतरी लोक कृतिदेव, श्रीलिपी असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात, ती फाइल तुमच्याकडे उघडली की नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात आणि मग ओळ न् ओळ तपासत बसावं लागतं. पीडीएफमधून कॉपी केलं तरी तेच, पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. त्यामुळे वर्ड किंवा गूगल डॉक, दुसरं काही नाही.

अजून एक बारीक गोष्ट. 'ॲप' मधला ॲ दोन पद्धतींनी टाइप होतो. एक स्वतंत्र अक्षर आहे, ते युनिकोडमध्ये २००८ साली आलं, आणि दुसरं म्हणजे अ ला चंद्र जोडून केलेलं. दिसायला सारखेच, पण कंप्युटरला ते वेगळे, म्हणून एका पद्धतीने शोधलं तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले लेख सापडतीलच असं नाही. 'सुऱ्या', 'दुसऱ्या' मधल्या ऱ्य चं पण तसंच. छापील अंकाला याने काही फरक पडत नाही, ऑनलाइन अंकाला पडतो, तेव्हा एक पद्धत ठरवा आणि शेवटच्या टप्प्यावर सगळ्या लेखांवर फाइंड-रिप्लेस चालवा.

पायरी ३: पूर्ण लेख मागवू नका, आधी प्रस्ताव मागवा

कथा-ललित सोडलं तर बाकी सगळ्यासाठी हे करा. दीडशेक शब्दांत, कशाबद्दल लिहिणार, त्यात नवीन काय, हे तुम्हाला कुठून माहीत, आणि आधी लिहिलेलं एखादं काही. चौथा प्रश्न लोक विचारतात आणि तिसरा विसरतात, खरं तर तिसरा सगळ्यात महत्त्वाचा आहे. 'मी बारा वर्ष हे काम करतोय' किंवा 'या विषयावरची मूळ कागदपत्रं मी वाचलीत' हे एक उत्तर झालं, 'मला या विषयात खूप रस आहे' हे उत्तर नाही.

प्रस्तावाचा दुसरा फायदा म्हणजे नाही म्हणणं सोपं जातं. दीडशे शब्द परत करायला जीव तुटत नाही, दोन हजार शब्द रात्र रात्र जागून लिहिलेल्या माणसाला नाही म्हणायचं म्हणजे दोघांनाही त्रास.

आता ज्यांना लेखात रस नाही, लिंकमध्ये आहे, त्यांच्याबद्दल (दुसऱ्या साइटवरून लिंक मिळाली की त्यांच्या साइटला सर्चमध्ये वर यायला मदत होते). ऑनलाइन काही चालवत असाल तर ही पत्रं येणारच. ओळखायची कशी? तुमच्या नावाऐवजी 'डिअर ॲडमिन', तुमचं काम खूप आवडतं पण त्यातल्या एकाही लेखाचा उल्लेख नाही, 'कुठल्याही विषयावर' लिहायची तयारी, आणि अट एकच, लेखात आमच्या एक-दोन लिंक ठेवा. वर पैसे पण देऊ म्हणतात. या धंद्यामुळेच गूगलच्या मॅट कट्स यांनी जानेवारी २०१४ मध्ये जाहीर लिहिलं होतं की सर्चमध्ये वर यायचं म्हणून पाहुणे लेख लिहायचे दिवस संपले, नंतर त्यांनी हेही स्पष्ट केलं की चांगल्या कारणासाठी बाहेरच्यांचं छापण्यात काही वाईट नाही. पैसे घेऊन लिंक द्यायचीच असेल तर तिला 'स्पॉन्सर्ड' असा टॅग लावायचा असतो (हा टॅग २०१९ मध्ये आला, त्याआधी २००५ पासून 'नोफॉलो', म्हणजे ही लिंक सर्चसाठी मोजू नका असं सांगणारा टॅग, होताच) आणि वाचकाला दिसेल असं 'प्रायोजित' लिहायचं. मार्च २०२४ पासून तर गूगलच्या धोरणात हे पण आलंय की चांगल्या साइटच्या नावाचा फायदा घ्यायला तिसऱ्याच कुणाचं लेखन तिथे टाकणं हा स्पॅमचा प्रकार धरला जातो. माझा सल्ला विचाराल तर या पत्रांना उत्तरच देऊ नका, उत्तर दिलं की यादीत तुमचं नाव पक्कं होतं.

पायरी ४: पहिलं वाचन हात बांधून

लेख आला की लगेच वेलांट्या दुरुस्त करायला सुटू नका. एकदा सलग वाचा, वाचक वाचतो तसा, आणि मग तीनपैकी एक ठरवा: घेतो, बदल करून पाठवा, नको. दोन तास शुद्धलेखन सुधारलेला लेख मग नाकारवत नाही, केलेले कष्ट वाया जातील असं वाटतं आणि सुमार लेख असाच आत शिरतो.

नकार दोन ओळींचा बास झाला. 'लेख वाचला, आमच्या अंकासाठी घेऊ शकत नाही, पाठवल्याबद्दल आभार.' कारण द्यायचं असेल तर एकच आणि खरं द्या. 'सध्या जागा नाही' असं खोटं सांगितलंत की तो पुढच्या महिन्यात परत पाठवणार. ओळखीच्या माणसाचा लेख असेल तर सूचनांचं पान दाखवा, त्यासाठीच तर ते लिहिलंय.

पायरी ५: तपासणी, आणि इथे घाई नको

नवीन संपादक सगळा वेळ भाषेवर घालवतात आणि मजकूर खरा आहे का ते बघतच नाहीत. व्याकरणाची चूक वाचक माफ करतो, चुकीचं साल, चुकीचं नाव करत नाही, आणि नाव लेखकाचं असलं तरी बोल तुम्हालाच लागतो.

पद्धत साधी आहे. लेखाची प्रिंट काढा (स्क्रीनवर केलं तरी चालतं पण सुटतं बरंच), आणि तपासता येईल अशा प्रत्येक शब्दाखाली रेघ मारा: माणसांची नावं, पदं, गावं, साल, आकडे, अवतरणं, 'पहिला', 'सर्वात मोठा', 'एकमेव'. मग एकेक तपासून खूण करत जायचं. न्यू यॉर्कर मासिकाने १९२७ च्या सुमारास यासाठी वेगळा विभागच सुरू केला. आपल्याकडे विभाग नसतो, म्हणून काम लेखकावर टाकायचं: लेखासोबत वेगळ्या फाइलमध्ये कुठली माहिती कुठून घेतली ते द्या, छापायला नाही, आम्हाला बघायला. ही अट सूचनांच्या पानावर टाकलीत तर उचलेगिरी करणारे तिथेच गळतात. 'पहिला' आणि 'एकमेव' हे शब्द तर मी पुरावा नसेल तर सरळ काढून टाकतो, लेखाचं काही बिघडत नाही त्याने. थोरामोठ्यांच्या तोंडची सुंदर वाक्यं, जी सगळीकडे फिरत असतात, ती मूळ पुस्तकात सापडली तरच ठेवायची.

कुणावर आरोप असेल, साधा 'त्यांनी पैसे बुडवले' इतका जरी, तर थांबा. कागद काय आहे ते बघा, आणि त्या माणसाला विचारलं का, त्याचं म्हणणं लेखात आहे का ते बघा. नसेल तर ते वाक्य जात नाही, लेख कितीही चांगला असू दे. तसंच लेखकाचा त्या विषयात काही आर्थिक किंवा नात्याचा संबंध असेल तर तो परिचयात आलाच पाहिजे.

चोरी पकडायची तर लेखातलं एखादं वेगळं, ठसठशीत वाक्य उचलून अवतरण चिन्हात सर्च करा, तीन-चार वाक्यं बघितली की कळतं. पण मराठीत सरळ कॉपीपेक्षा दुसराच प्रकार जास्त चालतो, इंग्रजी लेखाचं भाषांतर करून स्वतःच्या नावावर पाठवणं. खुणा दिसतात: वाक्यं ताणलेली, उदाहरणं सगळी परदेशातली, 'हे आपल्याला काय सांगते?' असे प्रश्न मधेमधे. संशय आला तर त्यातली नावं आणि आकडे इंग्रजीत सर्च करा, मूळ लेख बहुतेक वेळा पहिल्याच पानावर मिळतो. आणि कुणी प्रामाणिकपणे 'हा अनुवाद आहे' म्हणालं तरी मूळ लेखकाची परवानगी विचारा, अनुवादाचा हक्क मूळ लेखकाचाच असतो.

आता एआय. क्लार्क्सवर्ल्ड नावाचं विज्ञानकथांचं एक नावाजलेलं मासिक आहे, त्यांना फेब्रुवारी २०२३ मध्ये मशीनने लिहिलेल्या कथांच्या लोंढ्यामुळे कथा स्वीकारणंच काही काळ बंद ठेवावं लागलं होतं. लोक मग एआय पकडणारी टूल शोधतात. त्यांच्या भरवशावर कुणावर आरोप करू नका, चॅटजीपीटी बनवणाऱ्या खुद्द ओपनएआयने स्वतःचं असं टूल अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. त्यापेक्षा लेखकाला फोन लावा आणि लेखातल्या दोन-तीन मुद्द्यांवर सहज विचारा, हे कुठे वाचलंत, याचं अजून उदाहरण आहे का. ज्याने स्वतः लिहिलंय तो दहा मिनिटं बोलतो, थांबवावं लागतं. धोरण काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा, शुद्धलेखन तपासायला चालेल पण मजकूर नको, किंवा वापरलं तर सांगा, काहीही, पण सूचनांच्या पानावर लिहिलेलं असू द्या.

पायरी ६: प्रत्यक्ष संपादन

क्रम असा ठेवा: आधी रचना, मग वाक्यं, सगळ्यात शेवटी प्रूफ. उलटा केलात तर सुधारलेलेच परिच्छेद नंतर काढून टाकायची वेळ येते.

रचनेचे बदल स्वतः करू नका, लेखकाला सांगा. तिसरा परिच्छेद पहिला करा, दुसरा मुद्दा वाढवा, शेवटचे दोन परिच्छेद काढले तर? नव्या लेखकांच्या लेखात बहुतेक वेळा पहिला परिच्छेद उगाच असतो, दुसऱ्यापासून वाचून बघा. सुचवण्या सजेशन मोडमध्येच करायच्या म्हणजे काय बदललं ते समोरच्याला दिसतं. आणि 'हे कळत नाही' असं लिहिण्यापेक्षा 'म्हणजे ते आधी गेले की नंतर?' असा नेमका प्रश्न टाका, लेखक त्याच प्रश्नाचं उत्तर लेखात लिहून टाकतो आणि काम होतं.

वाक्यं सुधारताना हात आवरा. लेखक एखाद्या ठिकाणचा शब्द वापरतोय, त्याच्या बोलण्याची लय आहे, ते तुमच्या कानाला वेगळं लागलं म्हणून चूक होत नाही. वाचकाला समजतंय ना, मग राहू दे. सगळे लेख एकाच माणसाने लिहिल्यासारखे वाटायला लागले तर बाहेरचे लेखक घ्यायचेच कशाला. दुसऱ्या टोकाला, अर्ध्याहून जास्त वाक्यं तुम्हालाच लिहावी लागतायत असं दिसलं की थांबा आणि लेख परत करा, कारण छापून आल्यावर तो लेख धड त्याचाही नसतो आणि तुमचाही.

शक्यतो दोन फेऱ्या, तिसरी नको. शेवटची प्रत लेखकाला दाखवल्याशिवाय छापायची नाही, आणि त्या प्रतीत शीर्षक आणि फोटोओळी पण असू द्यात. सगळ्यात जास्त भांडणं शीर्षकावरून होतात, कारण लेख लेखकाचा आणि शीर्षक संपादकाचं, तेही चटपटीत केलेलं. 'दोन दिवसात उत्तर नाही आलं तर मान्य आहे असं धरू' ही ओळ मेलमध्ये टाका.

पायरी ७: हक्क

हे ऐकायला किचकट वाटतं, पण एका मेलचं काम आहे. लेखनाचा कॉपीराइट लिहिल्याबरोबर लेखकाचा होतो, नोंदणी वगैरे काही लागत नाही, १८८६ च्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारात १९०८ च्या दुरुस्तीने आलेलं हे तत्त्व बहुतेक सगळे देश मानतात. म्हणजे लेख तुमच्याकडे छापून आला म्हणून तो तुमचा होत नाही. तुम्हाला फक्त परवानगी हवी, आणि ती लेखी हवी. मेलमध्ये इतकंच विचारा: पहिल्यांदा आम्ही प्रसिद्ध करू, आमच्या संग्रहात कायम ठेवू, अमुक महिन्यांनी तुम्ही दुसरीकडे देऊ शकता पण आमचा उल्लेख करा, मान्य असेल तर 'मान्य' लिहून पाठवा. पुढे पुस्तक काढायची इच्छा असेल तर ते आत्ताच विचारा, नंतर सगळ्यांना शोधत फिरावं लागतं. सगळे हक्क कायमचे मागू नका, लहान अंकाला त्याचं करायचं काय असतं?

फोटोंचं मात्र जास्त बघा. लेखक फोटो पाठवतो आणि खाली लिहितो 'सौजन्य: गूगल'. गूगल फोटो काढत नाही, तो फक्त दाखवतो, फोटो कुणाचा तरी असतो. लेखकाने स्वतः काढलेला, किंवा परवानगी घेतलेला, किंवा विकिमीडिया कॉमन्ससारख्या ठिकाणचा, आणि तिथला असला तरी फोटोग्राफरचं नाव आणि लायसन्सचं नाव लिहायचं, बहुतेक क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सची ती अटच असते. यातलं काहीच नसेल तर लेख फोटोशिवाय छापा.

पायरी ८: छापून झाल्यावर

एक साधी एक्सेल शीट ठेवा. लेखक, विषय, प्रस्ताव कधी आला, काय ठरलं, परवानगीचा मेल कुठे आहे, मानधन दिलं का. बास. यापेक्षा जास्त रकाने केलेत तर भरणार नाही.

चूक निघाली की काय करायचं? वेलांटी असेल तर गुपचूप दुरुस्त करा. माहिती चुकली असेल तर दुरुस्त करून लेखाखाली तारखेसकट लिहा, आधी अमुक लिहिलं होतं, ते तमुक हवं होतं. गार्डियन वृत्तपत्र १९९७ पासून असं दुरुस्त्यांचं सदरच चालवतं, त्यांची काही अब्रू गेली नाही. आणि दुरुस्ती टाकायच्या आधी लेखकाला कळवा, त्याला दुसऱ्याकडून कळलं की दुखावतो.

कधीतरी दोन-तीन वर्षांनी एखादा लेखक म्हणतो, माझा तो जुना लेख काढून टाका, आता माझी मतं बदललीत, किंवा नवीन नोकरीत अडचण होतेय. छापील अंकात हा प्रश्नच येत नाही, ऑनलाइनमध्ये येतो. याचंही उत्तर परवानगीच्या त्या मेलमध्येच असायला हवं. मी असं सुचवेन: मतं बदलली म्हणून लेख काढायचा नाही, हवं तर वर लेखकाची टीप टाकायची. कुणाच्या जिवाला किंवा पोटाला धोका असेल तर नाव काढायचं. आणि मजकूर चोरीचा किंवा खोटा निघाला तरच पूर्ण लेख काढायचा, त्या जागी का काढला याची एक ओळ ठेवून.